समुद्र न पाहिलेल्या पोरांना कासव कसं शिकवावं?



या पानावर कांद्याची रोपवाटिका, उसाचं पाचट, दुधाची फॅट असे विषय वाचायची तुम्हाला सवय आहे. आज कासवाचं नाव बघून "या साहेबाला दुसरं काम उरलं नाही काय?" असं कुणी म्हटलं तर मी राग मानणार नाही. पण जरा थांबा. विषय तुमच्या विहिरीचा आहे आणि तुमच्या नातवंडांचाही.

मागच्या उन्हाळ्यात नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. यारीची बादली वर आली तर गाळात ताटाएवढं कासव. काम थांबलं, माणसं जमली. लगेच एकानं आवाज दिला, "नखं मोजा रे!" वीस नखांच्या कासवाला लाखानं पैसे मिळतात, त्याची पूजा घातली की पैशाचा पाऊस पडतो, ही भाकडकथा तुम्हीही ऐकली असेल. एकजण तर मोबाईल काढून कुणाला तरी फोटो पाठवायच्या तयारीत होता. तेवढ्यात विहीरमालकाची सहा वर्षांची नात पुढं आली अन् म्हणाली, "बाराच असत्यात. एका पायाला तीन." मोजली, तर बाराच निघाली! माणसं हसली, फोटो राहून गेला. कासव ओल्या पोत्याखाली हौदात ठेवलं आणि विहिरीला पाणी आल्यावर परत तिच्यातच सोडलं.

त्या पोरीला हे कुठं कळलं? आदल्या वर्षी अंगणवाडीत तिनं चिखलाचं कासव केलं होतं, त्याच्या एकेका पायाला बाभळीचे तीन-तीन काटे खोचले होते. हातानं केलेलं डोक्यात बसतं ते असं.

मीही हे उशिरा शिकलो. मी दहा वर्षांचा असताना आमच्याही विहिरीत कासव सापडलं होतं. आम्ही पोरांनी त्याच्या पाठीच्या कडेला भोक पाडून दोरी ओवली, पत्र्याच्या टिपात ठेवलं अन् भाकरी खाऊ घातली. दिवाळीच्या आत ते मेलं. आम्हाला कुणी रागावलं नाही, कारण रागावण्यासारखं काही झालं असं कुणाला वाटलंच नाही. कासवाची पाठ म्हणजे नखासारखी निर्जीव वस्तू नसते. तिच्या आत हाडं असतात, तिला दुखतं. हे आम्हाला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

देवळातलं कासव आणि वेळासचं कासव

अंगणवाडीत मी गेलो होतो परसबागेचं प्रात्यक्षिक द्यायला. मेथी-पालकाचे वाफे झाल्यावर पोरांनी घेरलं. काही दिवसांपूर्वीच मी शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यातून दापोलीला जाऊन आलो होतो. तिथून वाट वाकडी करून आम्ही मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं बघायला गेलो, ते डोक्यात ताजं होतं. म्हणून विचारलं, "कासव कुणी पाहिलंय?" सगळे हात वर! कुठं? तर "म्हादेवाच्या देवळात." खरंच आहे. नंदीच्या पुढं जमिनीत बसवलेलं दगडी कासव आपल्याकडं गावोगाव असतं. समुद्र कुणीच पाहिला नव्हता. मग ठरवलं, देवळापासून सुरुवात करू आणि समुद्रापर्यंत जाऊ.

वेळासची हकीकत थोडक्यात सांगतो. 'ऑलिव्ह रिडले' जातीची समुद्री कासवं थंडीच्या दिवसांत कोकणच्या वाळूत अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी माणसं काढून खात, विकत. राहिलेली कोल्ही-कुत्री उकरत. २००२ सालापासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथं राखण सुरू केली. घरटं सापडलं की अंडी हलक्या हातानं काढायची, कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, पिल्लं निघाली की समुद्राकडं सोडायची. २००६ साली तिथं कासव महोत्सव सुरू झाला. आता पर्यटक येतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात. अंड्यांपेक्षा जिवंत पिल्लांतून गावाला जास्त मिळू लागलं. हिशेबाच्या माणसालाही पटावं असं हे काम आहे.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळी घरट्यावरची टोपली उचलली. खाली लिंबाएवढी काळपट पिल्लं वळवळत होती. वाळूवर सोडली अन् ती लाटेच्या दिशेनं निघाली. दोरीच्या अलीकडं उभे असलेले आमचे तमाशापासून राजकारणापर्यंत सगळ्यावर बोलणारे शेतकरी एकदम गप्प झाले होते.

आजीचा प्रश्न

हे मी पोरांना सांगत होतो, तेव्हा नातवाला न्यायला आलेली एक आजी दारात ऐकत बसली होती. मी म्हटलं, "कासवी अंडी घालते, वाळू ओढून घेते आणि निघून जाते. पिल्लांची आणि तिची गाठ पडत नाही." आजी म्हणाली, "साहेब, असं कसं? कासवी नुसत्या नजरंनं पिल्लं वाढवती, आमी तर असंच आयकत आलो."

आजी चुकीची नव्हती. कासवीची नजर हा संतांच्या वाणीतला जुना दृष्टान्त आहे. आणि आपण तर नेवासेकर! ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ती ही भूमी. इंद्रियं आवरणाऱ्या माणसाला अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा गीतेत आहे, ती माउलींनीही मराठीत आणली. मी आजीला म्हटलं, "दृष्टान्त माणसाला शहाणं करायला असतो, आजी. कासवाचं शास्त्र निराळं." त्यावर पाच वर्षांचं एक पोर म्हणालं, "मंग त्येंच्याकडं बघतं कोण?"

या प्रश्नाला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं म्हटलं, "वेळासची माणसं बघतात." आजीनं मान हलवली.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. घरात ऐकलेलं खोटं म्हणून पोराच्या तोंडावर फेकू नका. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. पोरं हुशार असतात, फरक त्यांना कळतो.

खर्च शून्य, सामान गावातलंच

अंगणवाडीच्या ताईंनी आणि पहिली-दुसरीच्या गुरुजींनी करून पाहावं असं काही देतो.

१) मातीचं कासव. पोळ्याला बैल करतो तीच चिकणमाती घ्या. दोन कासवं करा. एक विहिरीतलं : चार पाय, प्रत्येकाला तीन नखं. दुसरं समुद्रातलं : पायांच्या जागी वल्ह्यासारखे चपटे पर. विहिरीतलं मऊ पाठीचं कासव डोकं-पाय आत ओढून घेतं. समुद्री कासवाला ते जमत नाही. हा फरक सांगून पाठ होत नाही, करताना आपोआप लक्षात राहतो.

२) अंगणातलं कासव. चुन्यानं किंवा रांगोळीनं खऱ्या मापाचं ऑलिव्ह रिडले काढा. पाठ दोन-सव्वादोन फूट लांब. वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे कांद्याच्या भरल्या गोणीपेक्षा थोडं कमी. पोरांना त्याच्याभोवती बसवा. नंतर मधे एक लिंबू ठेवा : हे पिल्लू.

३) चिंचोक्यांचं घरटं. घमेल्यात वाळू घ्या, शंभर चिंचोके मोजून पुरा. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. आता विचारा, कोंबडी किती दिवस अंड्यावर बसते? एकवीस, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. कासवी बसत नाही, ऊब वाळू देते. दिवस लागतात पंचेचाळीस ते साठ. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला लावा. वाट बघणं हाही धडाच आहे. मोठ्या मुलांना एवढं जास्तीचं सांगा : वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, गार राहिली तर नर.

४) पंचतंत्रातली गोष्ट. दुष्काळात तळं आटतं, दोन हंस काठीला धरून कासवाला उडवत नेतात, ते मधेच तोंड उघडतं आणि पडतं. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याइतकी कुणाला कळणार? सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारा : तळं आटलं नसतं तर? खरं तर आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव पाणी आटल्यावर चिखलात गाडून घेऊन तग धरतं. म्हणूनच ते गाळात सापडतं.

५) आपलं पुस्तक. जुन्या कॅलेंडरची पानं कोऱ्या बाजूनं दुमडून मधे सुई-दोऱ्यानं शिवा. आठ पानं पुरतात. चित्र पोरानं काढायचं, त्याचं वाक्य ताईंनी त्याच्याच शब्दांत लिहायचं. शुद्धलेखन सुधारा, बोली सुधारू नका. हे पुस्तक घरी जातं आणि तिथं आई-बापही वाचतात.

आपला ओढा कुठं जातो?

आता मोठ्यांसाठी. अकोल्याच्या पश्चिम कड्यांवरचं थोडं पाणी सोडलं, तर आपल्या जिल्ह्याचं सगळं पाणी पूर्वेला जातं. प्रवरा-मुळा गोदावरीत, सीना-घोड भीमेतून कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळच्या बेटांवरही हीच ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. ओडिशात तर ती एकाच वेळी लाखोंनी येतात. कोकणातली वेगळी अन् तिकडची वेगळी, असं म्हणायचीही सोय उरलेली नाही. २०२१ साली ओडिशात पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. आणि २०२३ साली गुहागरहून उपग्रहयंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

म्हणून बांधावर फेकलेल्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या, खतांच्या पिशव्या, फुटक्या ठिबकच्या नळ्या जरा आठवा. पावसाळ्यात ओढ्यात गेलेलं सगळंच समुद्रापर्यंत जातं असं नाही. बरंचसं बंधाऱ्यात आणि जायकवाडीच्या फुगवट्यात अडकतं. पण ज्या पाण्यात अडकतं, त्या पाण्यात आपलंच कासव राहतं, आपलंच जनावर तोंड घालतं. पोरांना हे दाखवायला पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत पातळ पांढऱ्या पिशवीचा तुकडा सोडा. तो जेलीफिशसारखा तरंगतो, अन् जेलीफिश हे समुद्री कासवाचं खाद्य आहे. अशा पिशव्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तरी हा तुकडा शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांना तीन गोष्टी सुचवतो. एक, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणासाठी असतो. त्यातून अंगणवाडीला प्राण्यांची दहा-बारा चित्रपुस्तकं सहज येतात. दोन, विहिरीच्या गाळात कासव निघालं तर काय करायचं हे ग्रामसभेत एकदा सांगून टाका : भोक पाडायचं नाही, घरी पाळायचं नाही, जवळच्या पाण्यात सोडायचं, जखमी असेल तर वनखात्याला कळवायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कासव पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. तीन, वीस नखांचं गिऱ्हाईक गावात आलं तर त्याला चहा पाजू नका, पोलिसांना कळवा. नखं बारा असोत की वीस, त्यानं आकाशातून पाऊस पडत नाही, ना पाण्याचा ना पैशाचा. पडत असता तर आपण आजवर टँकरची वाट बघितली असती का?

कोकणात पिल्लं निघण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. शाळा-अंगणवाड्या तेव्हा चालू असतात, आणि आपल्याकडं विहिरींचा गाळ काढायचं काम त्याच्या पाठोपाठ सुरू होतं. आधी पोरांच्या हातून मातीचं कासव होऊ द्या, मग यारी लावा.

त्या वस्तीवरच्या विहिरीत ते कासव अजून आहे. सकाळी मोटार चालू करायच्या आधी आजोबा आत डोकावून बघतात आणि घरी येऊन नातीला सांगतात, "हाये."