शेरा लपतो, पुसला जात नाही

लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची १४ फेब्रुवारी २००५ रोजी बैरुतमध्ये हत्या झाली. त्या हत्येचा तपास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचे प्रमुख डेटलेव्ह मेहलिस यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला आपला अहवाल सरचिटणीस कोफी अन्नान यांना सादर केला. एका साक्षीदाराच्या जबानीचा हवाला देताना अहवालात लेबनॉन व सीरियाच्या 'वरिष्ठ अधिकाऱ्यां'चा मोघम उल्लेख होता. मात्र पत्रकारांना हा अहवाल 'मायक्रोसॉफ्ट वर्ड'च्या फाइलच्या रूपातही मिळाला. त्या फाइलमधील दुरुस्त्यांची नोंद उघडताच खोडलेली नावे पडद्यावर आली. त्यांत सीरियाच्या तत्कालीन अध्यक्षांचा भाऊ आणि मेहुणा यांचाही समावेश होता. 'एकाच साक्षीदाराच्या, दुजोरा न मिळालेल्या जबानीवर ही नावे आधारलेली होती. अहवाल जाहीर होणार हे कळल्यावर ती काढली,' अशा आशयाचा खुलासा मेहलिस यांना दुसऱ्या दिवशी करावा लागला.

नावे काढण्याचा निर्णय चुकीचा नव्हता, पण तो फाइलमध्ये शेवटपर्यंत पोहोचला नाही. मजकूर खोडला गेला, तरी खोडल्याची नोंद तशीच राहिली. चार जणांनी तपासलेला मसुदा बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा, असा हा धडा आहे. मग तो मसुदा एखाद्या कंपनीच्या अहवालाचा असो, विद्यापीठात सादर करावयाच्या प्रबंधाचा असो किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या पुनर्विकास कराराचा.

दोन निराळ्या गोष्टी

कागदाच्या जमान्यात मसुदा तपासणारा समासात लाल पेनाने शेरा मारी आणि मजकुरातील शब्द खोडून वर नवा शब्द लिही. संगणकाने या दोन्ही गोष्टी उचलल्या. मात्र त्यांची खाती वेगळी ठेवली. 'कॉमेंट' म्हणजे समासातील शेरा. तो मजकुराला चिकटलेला असतो, पण मजकूर बदलत नाही. 'ट्रॅक चेंजेस' म्हणजे दुरुस्त्यांची नोंद. ही सोय चालू असताना नवे शब्द अधोरेखित दिसतात, काढलेल्यांवर रेघ येते आणि प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ नोंदवली जाते. प्रत्येक दुरुस्ती हा वास्तविक एक प्रस्ताव असतो. कोणीतरी 'अ‍ॅक्सेप्ट' किंवा 'रिजेक्ट' म्हणेपर्यंत जुना आणि नवा असे दोन्ही मजकूर फाइलमध्ये शेजारी शेजारी नांदत असतात.

नेमकी येथेच गफलत होते. वर्डच्या 'रिव्ह्यू' विभागात 'नो मार्कअप' हा पर्याय निवडला की सगळ्या लाल रेघा आणि शेरे अदृश्य होतात आणि पान स्वच्छ दिसते. हे केवळ दर्शन आहे. खोलीतला पसारा पलंगाखाली ढकलावा तसा हा प्रकार. फाइल मिळालेल्या माणसाने 'ऑल मार्कअप' निवडले की सारा पसारा पुन्हा बाहेर! 'डॉक्स' प्रकारची फाइल ही प्रत्यक्षात लहान लहान फाइलींचे एक आवळलेले गाठोडे असते. त्यात शेऱ्यांची स्वतंत्र फाइल असते आणि काढलेला मजकूर 'काढलेला' अशा खुणेसह मूळ मजकुरातच जपलेला असतो.

निर्णय कोणाचा?

'गुगल'ने २००६ मध्ये 'रायटली' ही सेवा विकत घेतली आणि त्यातून पुढे 'गुगल डॉक्स' उभे राहिले. एकच फाइल अनेकांनी एकाच वेळी उघडण्याची सवय तेव्हापासून रुळत गेली. आता वर्डमध्येही ती सोय आहे. 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरोखर अंतिम' अशा नावांच्या फाइली ई-मेलवरून फिरवण्याचा त्रास त्यामुळे वाचला. त्याच्या जागी दुसरा त्रास आला. प्रत्येकाला शेरा मारता येतो. निकाल मात्र कोणीच देत नाही.

पुनर्विकास कराराचेच उदाहरण घेता येईल. समजा, मसुदा समितीचे सदस्य, वास्तुविशारद आणि वकील यांच्यासाठी खुला केला आहे. सचिव चटई क्षेत्राच्या आकड्यावर शंका घेतात, खजिनदार पर्यायी जागेच्या भाड्याची मुदत बदलतात, वकील त्याच कलमात नवी अट सुचवतात आणि आणखी एक सदस्य केवळ 'पुन्हा पाहावे' एवढेच लिहून मोकळे होतात. आठवड्याभरात साठ-सत्तर शेरे जमतात. मग कंटाळून कोणीतरी 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' दाबतो आणि परस्परविरोधी दोन दुरुस्त्या एकाच कलमात जाऊन बसतात. अशा कलमावर उद्या डझनभर कुटुंबांचे घर अवलंबून असणार असते.

यावरचा उपाय तांत्रिक कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. शेरे अनेकांनी मारावेत. दुरुस्ती स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार मात्र एकाच व्यक्तीकडे असावा. गुगल डॉक्समध्ये फाइल वाटताना 'व्ह्यूअर', 'कॉमेंटर' आणि 'एडिटर' असे तीन दर्जे देता येतात. तपासणाऱ्यांना 'कॉमेंटर' करावे. त्यांना शेरा लिहिता येतो, दुरुस्ती सुचवता येते. मूळ मजकूर परस्पर बदलता येत नाही. वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस'ला संकेतशब्दाचे कुलूप लावता येते, म्हणजे कोणालाही नोंद बंद करून गुपचूप बदल करता येत नाही.

तरीही 'तीस दिवस'चे 'साठ दिवस' कोणी नोंदीविना केले असावेत, अशी शंका आल्यास वर्डमधील 'कंपेअर' ही सोय कामी येते. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून त्यांतील प्रत्येक फरक ती दाखवते, मग तो फरक करणाऱ्याने नोंद ठेवली असो वा नसो. तिच्याच शेजारची 'कम्बाइन' ही सोय वेगवेगळ्या तपासनीसांकडून परत आलेल्या प्रती एकत्र करते. गुगल डॉक्समध्ये हेच काम 'व्हर्जन हिस्टरी' करते.

शेऱ्यांचा निपटारा

साठ शेरे वरून खाली ओळीने पाहत जाणे ही सर्वांत थकवणारी पद्धत होय. त्यापेक्षा आधी वर्गवारी करावी. काही शेरे शुद्धलेखनाचे असतात. ते तत्काळ निकाली निघतात. काही शंका असतात. त्यांना माहिती हवी असते. उरलेले मतभेद असतात. त्यांना निर्णय हवा असतो. मतभेदाचे शेरे समासात लढवू नयेत. एका शेऱ्याखाली उत्तर-प्रत्युत्तरांची रांग लागू लागली की तो मुद्दा बैठकीत किंवा दूरध्वनीवर बोलून संपवावा आणि ठरले ते एका ओळीत त्या शेऱ्याखाली लिहावे.

वर्डमध्ये टंकाच्या आकारासारखे किरकोळ बदलही दुरुस्त्यांच्या गर्दीत मिसळतात. 'शो मार्कअप'मधून भर घातलेला आणि काढलेला मजकूर, तसेच शेरे तात्पुरते लपवावेत, केवळ 'फॉरमॅटिंग' ठेवावे आणि मग 'अ‍ॅक्सेप्ट ऑल चेंजेस शोन' निवडावे. दिसत असलेले तेवढेच बदल स्वीकारले जातात आणि अर्थाच्या दुरुस्त्या निवांतपणे पाहण्यासाठी उरतात. याच मार्गाने एकेका तपासनीसाच्या दुरुस्त्या वेगळ्या काढूनही पाहता येतात. मात्र त्यासाठी प्रत्येकाच्या संगणकावर वर्डमध्ये त्याचे खरे नाव भरलेले हवे. अनेक कार्यालयांत सगळेच शेरे 'युजर' या एकाच नावाने उमटतात आणि कोणाला विचारावे हेच कळत नाही.

'डिलीट' आणि 'रिझॉल्व्ह' यांतला भेदही जाणून घ्यावा. 'डिलीट' केलेला शेरा उत्तरांसकट जातो. 'रिझॉल्व्ह' केलेला शेरा बाजूला सरतो. पण हवा तेव्हा उघडून पाहता येतो. काम चालू असताना 'रिझॉल्व्ह'च वापरावे आणि तेही उत्तर लिहिल्यावरच. कारण न देता मिटवलेला शेरा आठ दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने परत येतो, हा अनेकांचा अनुभव आहे. सहा महिन्यांनी 'ही अट कोणी आणि का काढली?' असा प्रश्न उपस्थित झाला, तर तेच उत्तर उपयोगी पडते.

शेरा लिहिणाऱ्याचीही जबाबदारी असते. 'पुन्हा पाहावे' यातून काहीच निष्पन्न होत नाही. 'मुदत तीस दिवसांची असावी, कारण आधीच्या कलमात तीसच आहेत' असा शेरा मात्र क्षणात निकाली निघतो. ज्याच्याकडून उत्तर हवे आहे, त्याचे नाव '@' चिन्हासह शेऱ्यात घातले तर त्याला तशी सूचना जाते.

मराठी मजकुराची अडचण

मराठी मसुद्यात आणखी एक अडचण संभवते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले जुने मजकूर अजूनही वापरात आहेत. त्यांतले वाक्य उचलून शेऱ्यात चिकटवले, तर तेथे फॉन्ट बदलतो आणि वाक्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ उमटते. असा मसुदा तपासणीस देण्यापूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतर मुळाशी ताडून पाहावे. तसेच ऱ्हस्व-दीर्घाची किंवा अनुस्वाराची दुरुस्ती करताना केवळ तेवढी खूण न बदलता पूर्ण शब्द नव्याने लिहावा. एका वेलांटीएवढा रंगीत बदल वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो.

पाठवण्यापूर्वी

सर्व निर्णय झाले की उरते ती साफसफाई. प्रथम सर्व शेरे व दुरुस्त्यांसह एक प्रत कार्यालयीन नोंद म्हणून जतन करावी. मग दुसरी प्रत घेऊन 'ऑल मार्कअप' चालू करावे आणि एकही दुरुस्ती अनिर्णित नाही याची खात्री करून उरलेले शेरे काढावेत. त्यानंतर 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज' या मार्गाने 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवावे. वर्ड २००७ पासून असलेली ही सोय शेरे, दुरुस्त्या, लेखकाचे नाव आणि लपवलेला मजकूर शोधून काढून टाकू देते. गुगल डॉक्समधून फाइल वर्डच्या स्वरूपात उतरवली तरी शेरे आणि सुचवलेल्या दुरुस्त्या तिच्यासोबत येतात, हेही विसरू नये.

बाहेर पाठवण्यासाठी पीडीएफ बरी. पण तीही दुरुस्त्या मिटवल्यानंतरच करावी. मार्कअप दिसत असताना छपाई केली, तर शेरे पानासोबत छापले जातात. शेवटी ती पीडीएफ ज्याने मसुदा पूर्वी पाहिलेला नाही अशा एखाद्याकडून उघडून घ्यावी.

मेहलिस यांचा अहवाल हे एकमेव उदाहरण नव्हते. त्याआधी, २००३ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या इराकविषयक दस्तऐवजाच्या वर्ड फाइलमधून ती शेवटच्या दहा वेळा कोणी जतन केली याची नोंद बाहेर आली होती. दोन्ही ठिकाणी माणसे अनुभवी होती आणि फाइल पडद्यावर स्वच्छ दिसत होती. समासातला शेरा निकाली निघाला असे म्हणायचे असेल, तर कोणीतरी निर्णय घेतलेला असावा, त्याचे कारण नोंदलेले असावे आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीतून तो खरोखर काढलेला असावा. यांतील एक जरी राहिले, तरी पान कोरे दिसले म्हणून मसुदा पूर्ण झाला असे होत नाही.