लसीची इजा आणि न्यायाची मुदत

लसीकरणाने समाजाचे कल्याण होते, याविषयी दुमत नसावे. परंतु क्वचित एखाद्यास त्यापायी अपंगत्व आले, तर भार कोणी वाहावा? अमेरिकेने १९८६ साली कायदा केला: बालकांच्या नेहमीच्या लसींवर प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर, त्यातून निधी, आणि कंपनीचा दोष सिद्ध न करताही भरपाई. दावा प्रामाणिक असेल, तर तो फेटाळला गेला तरी वकिलाचा खर्च निधीतूनच मिळतो. ही खरी न्यायबुद्धी! कोविडच्या लसींना मात्र २०२० साली या व्यवस्थेबाहेर ठेवले गेले. शासनाच्या हाकेसरशी ज्यांनी दंड पुढे केला, त्यांच्याच बाबतीत हा हात आखडता का? त्यांच्या अर्जाचा निर्णय न्यायालय नव्हे, आरोग्य खातेच देते. वकिलाचा खर्च मिळत नाही. आणि पहिल्या व्यवस्थेत लक्षणे दिसल्यापासून ३ वर्षांची असलेली मुदत येथे लस घेतल्या दिवसापासून अवघी १ वर्ष.