चारचाकी घेतांना : नवी कीं जुनी ?

उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता बँकेंत जमा झाला व हळदीचे सौदे उरकले, म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या गांवांतून दरसाल एका विषयाची चर्चा रंगूं लागते. चारचाकी घ्यावी, हें बहुतेकांचें ठरलेलेंच असतें. घोळ पडतो तो नवी घ्यावी कीं जुनी, या प्रश्नावर. मुलांचीं कॉलेजें, वडील माणसांचें औषधपाणी, लग्नकार्यें यांकरितां पांच माणसें सुखानें बसतील व मागें सामानास स्वतंत्र कप्पा असेल अशी, सुमारें साडेचार मीटर लांबीची मध्यम मोटार, जिला बाजारांत सेडान म्हणतात, ती पुष्कळांच्या मनांत असते. तिच्याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती वाचक बंधूंपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. प्रस्तुत लेखकास यंत्राचें ज्ञान बेताचेंच आहे. परंतु एकतीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें कागद वाचण्याची संवय आहे. एवढी संवय असूनहि तो स्वतः कसा फसला, तें पुढें येईलच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. ज्यांची वस्ती रानांत आहे व घरापर्यंतचा रस्ता म्हणजे काळ्या मातींतील पाणंद आहे, त्यांनीं या जातीच्या गाडीचा नाद सोडावा हें बरें. या गाड्यांचें पोट जमिनीपासून साडेसहा ते सात इंच उंच असतें. पांच माणसें बसून मागें दोन पोतीं टाकलीं कीं तें आणखी खालीं येतें. उसाच्या ट्रॉल्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्यांमधील उंचवट्यावर इंजिनाखालचें तेलाचें भांडें एकदां फुटलें व चालकाच्या तें ध्यानांत आलें नाहीं, तर पुढच्या कांहीं मैलांतच इंजिनाची राखरांगोळी होते. ज्यांच्या दारापर्यंत डांबर आहे, त्यांस मात्र ही गाडी मानवते. उंच गाडीपेक्षां ती वळणावर कमी झुलते, व सामानाचा कप्पा ५०० लिटरांहून मोठा असल्यामुळें लग्नाचा आहेर घेऊन जातांना कोणाच्या मांडीवर ट्रंक ठेवावी लागत नाहीं. हल्ली देशांत खपणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक उंच घाटाच्या असतात. सेडान मागें पडली ती गुणांमुळें नव्हे, हौस बदलल्यामुळें; आणि ज्या वस्तूची हौस ओसरते ती जुन्या बाजारांत घासाघिशीनें मिळते.

या वर्गांत होंडा कंपनीची सिटी १९९८ पासून व ह्युंदाईची व्हर्ना २००६ पासून आपल्या देशांत आहे. स्कोडाची स्लाविया व फोक्सवागनची व्हर्टस या २०२२ सालीं आल्या. मारुतीची सियाझ २०१४ सालीं निघाली व २०२५ सालीं बंद झाली. बंद पडलेल्या गाडीचे सुटे भाग मिळणार नाहींत, ही भीति सर्वच ठिकाणीं खरी नसते. सियाझमध्यें २०१८ पासून जें दीड लिटरचें पेट्रोल इंजिन होतें, तेंच कंपनीनें आपल्या एर्टिगा गाडींतहि बसविलें होतें. असें जुळें इंजिन ज्या गाडीचें असेल तिचा कारागीर तालुक्याच्या गांवींहि सांपडतो. डिझेलच्या आशेनें मात्र नव्या गाड्यांकडे पाहूं नये. १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर या गाड्यांतून डिझेल हळूहळू गेलें, व २०२३ पर्यंत वरील नव्या गाड्या केवळ पेट्रोलच्या उरल्या. जुन्यांत डिझेल मिळतें. परंतु २०२० नंतरच्या डिझेल गाडींतील काजळी अडविणाऱ्या गाळणीस अधूनमधून लांबचा, सलग प्रवास लागतो. घर ते सोसायटी व सोसायटी ते घर, एवढ्याच फेऱ्या झाल्या तर ती तुंबते व खर्चांत टाकते.

आतां हिशेब. आंकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनीं आपापले घालून पाहावेत. नव्या गाडीची दुकानांतील किंमत १२ लक्ष रुपये धरूं. तींत सरकारचा वस्तु व सेवा कर आलेलाच असतो; २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवर तो शेंकडा ४० आहे, पूर्वीं अधिभार धरून ४५ होता. त्यावर आपल्या राज्याचा एकरकमी मोटारकर, १० ते २० लक्ष किंमतीच्या पेट्रोल गाडीस शेंकडा १२, म्हणजे १,४४,००० रुपये, शिवाय विमा. गाडी दारांत येईपर्यंत १४ लक्ष सहज होतात. यांतील कर व विम्याची रक्कम विकतांना कोणीहि भरून देत नाहीं. विमा कंपन्यांचें जें घसाऱ्याचें कोष्टक रूढ आहे, त्यांत एक वर्ष भरतांना शेंकडा १५, तिसऱ्या वर्षांत ३० व पांचव्या वर्षांत ५० अशी किंमत उतरते. पांच वर्षांनीं सहा लक्ष आले असें धरलें, तरी आठ लक्ष गेले. म्हणजे दरसाल १,६०,०००.

तीच गाडी चार वर्षांची झालेली, एकाच मालकाची, ७ लक्षांस घेतली, टायर, बॅटरी व किरकोळ दुरुस्ती यांस ५०,००० घातले आणि पांच वर्षें वापरून पावणेतीन लक्षांस विकली, तर गेले पावणेपांच लक्ष, दरसाल ९५,०००. वर्षांत आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबास नवी गाडी किलोमीटरमागें घसाऱ्यापोटींच २० रुपये पडते, जुनी सुमारें १२. पेट्रोलचा खर्च दोहोंस जवळपास सारखाच. पुष्कळ जण पेट्रोलच्या दोनचार किलोमीटरांच्या फरकावरून वाद घालतात, व सर्वांत मोठा खर्च जो उभ्या गाडीवर होत असतो, त्याकडे पाहतहि नाहींत.

कर्जाविषयीं येथेंच सांगतों. ८ लक्षांचें कर्ज, शेंकडा ९ दरानें, घटत्या बाकीवर, पांच वर्षांकरितां घेतलें तर मासिक हप्ता १६,६०० रुपयांच्या घरांत बसतो व व्याज सुमारें १,९६,००० होतें. कोणी ‘शेंकडा सातच’ म्हणून सरळ मूळ रकमेवर आकारणी करूं लागला, तर व्याज २,८०,००० होतें. सात हे नऊपेक्षां महाग पडतात, हें पाहून शाळेंतील गणिताचे मास्तरहि चकित होतील. याहून मोठी अडचण निराळीच आहे. हप्ता बारा महिने येतो, आणि आपलें उत्पन्न हंगामांत येतें. आमच्याच गल्लींतील एका सधन बागाईतदारानें चांगल्या सालीं नवी गाडी घेतली. पुढच्या सालीं पावसानें ऊस लोळला, तेव्हां आषाढ-श्रावणाचे हप्ते भरण्यासाठीं त्यानें खतावळ दुकानदाराकडून हातउसने घेतले व त्या रब्बीस खत आखडतें घातलें. गाडीचा हप्ता अशा रीतीनें शेतांत उतरतो. कांहीं बँका शेतकऱ्यांस सहामाही अथवा वार्षिक हप्ते बांधून देतात. तशी मागणी अर्ज करतांनाच करावी.

माझी स्वतःची हकीकत २०२३ सालची आहे. निवृत्तीस दोन वर्षें होतीं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका व्यापाऱ्याकडे चार वर्षांची गाडी पाहिली. रंग चकाकत होता, यंत्र गोड चालत होतें. ५,६०,००० रुपयांस सौदा ठरला. नोंदणीपुस्तकावर एका सावकारी कंपनीच्या बोजाची नोंद होती. व्यापारी म्हणाला, “साहेब, कर्ज फिटलें आहे, दाखला आठवड्याभरांत आणून देतों.” मीं आयुष्यभर सातबाऱ्यावरील इतर हक्काचा रकाना वाचला, बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाल्यावांचून जमिनीचे पैसे देऊं नका, असें शेंकडों खातेदारांस सांगितलें, आणि येथें गाडीच्या रंगावर भुलून पुरी रक्कम मोजून दिली. कर्जाचे तीन हप्ते व दंड बाकी होता. दाखला नाहीं म्हणून परिवहन कचेरींत नांव चढेना. नांव चढेना म्हणून विमा माझ्या नांवें होईना. चौथ्या महिन्यांत पुलाच्या चढावर ट्रॉलीचा आडवा दांडा गाडीच्या कुशींत घुसला. विमा पूर्वीच्या मालकाच्या नांवें असल्यामुळें भरपाई मिळाली नाहीं. ३८,००० रुपये पदरचे गेले, आणि बोजा उतरविण्यास ४१,००० वेगळे. आमच्या घरांतून एवढेंच म्हणणें झालें कीं, “गांवच्या जमिनीचे कागद पाहायला लोक तुमच्याकडे येतात ना ?”

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानें बॉनेट उघडण्यापूर्वीं पुस्तक उघडावें. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला असतां नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा आहे वा नाहीं, विमा कधींपर्यंत, हें घरबसल्या दिसतें. थकलेला दंडहि निराळा पाहतां येतो. चॅसीवरील व इंजिनावरील क्रमांक पुस्तकाशीं आंकड्यास आंकडा ताडून पाहावे. बोजा असेल तर कंपनीचा ना हरकत दाखला व नमुना ३५ हातीं पडल्यावरच रक्कम द्यावी. फार तर कर्जाची बाकी परस्पर कंपनींत भरून उरलेली रक्कम विकणाऱ्यास द्यावी. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा कायद्यानें गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा तसा येत नाहीं, त्यासाठीं चौदा दिवसांचे आंत कंपनीस कळवून तो आपल्या नांवें करून घ्यावा लागतो. दाव्याविना गेलेल्या वर्षांची सवलत मात्र माणसाची असते, गाडीची नव्हे. ती आपल्यास मिळेल असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये.

दिल्लीकडील गाड्या आपल्याकडे स्वस्त म्हणून विकावयास येतात. तेथें दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ सालीं हरित न्यायाधिकरणानें बंदी घातल्यापासून त्या बाहेर लोटल्या गेल्या. अशा गाडीस तेथील ना हरकत दाखला व येथील मोटारकर, दोन्ही लागतात. हा कर मिळविला कीं स्वस्ताई बहुधा नाहींशी होते.

आपल्या भागांत आणखी एक धोका आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूर भागांत कित्येक गाड्या बुडाल्या, व त्यांतील पुष्कळ धुवून-पुसून पुनः बाजारांत आल्या. अशी गाडी वर्षभर बरी चालते, मग एकेक विजेची तार कुजूं लागते. ओळखावयाची खूण सोपी आहे. आसनाचा पट्टा पूर्ण, शेवटपर्यंत ओढावा. आंतल्या टोंकाकडे गाळाची रेघ दिसेल, कारण तेथपर्यंत कोणी धूत नाहीं. आसनाखालील लोखंडी पट्ट्यांवर गंज, जादा चाकाच्या खळग्यांत वाळू, दिव्याच्या कांचेआड पाण्याची पुसट रेषा, आणि उन्हांत बंद ठेवून दार उघडल्यावर येणारा ओलसर वास, यांतील दोन खुणा जरी आढळल्या तरी सौदा मोडावा. पुरांतून वर काढलेलें इंजिन ज्यांनीं विहिरीवर चालवून पाहिलें आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

टायरच्या कुशीवर चार आंकडे असतात. २३१९ असें असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील समजावा. गाडी २०२१ ची आणि ‘मूळचे टायर’ २०२४ चे, असें दिसल्यास किलोमीटरचा आंकडा मागें फिरविल्याचा संशय घ्यावा. कंपनीच्या सेवाकेंद्रांतील नोंदी मागवाव्या, व ओळखीच्या नव्हे, तर अनोळखी कारागीरास मजुरी देऊन गाडी खालून दाखवावी. ओळखीचा कारागीर अनेकदां विकणाऱ्याच्याहि ओळखीचा निघतो.

इथेनॉलचा विचार आपण तरी केलाच पाहिजे, कारण तें आपल्याच उसापासून होतें. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांतील नळ्या व रबरी भाग शेंकडा वीस इथेनॉलच्या पेट्रोलास सोसतील असे केलेले आहेत. त्यापूर्वींच्या गाड्यांत असे भाग लौकर झिजण्याचा संभव असतो. घेतल्यावर इंधनाच्या नळ्या तपासून जरूर तर बदलाव्या. इथेनॉलची उष्णता पेट्रोलाच्या दोनतृतीयांशच असल्यामुळें किलोमीटर थोडे कमी पडतात, त्याचा दोष कारागीरास देऊं नये.

नवी कोणी घ्यावी, तर ज्यांचें वर्षाचें फिरणें पंधरा-वीस हजार किलोमीटर आहे, अथवा जे नोंदणीचीं पंधरा वर्षें पुरीं होईपर्यंत गाडी मोडीत काढीत नाहींत, अशांनीं. त्यांचा घसारा अधिक वर्षांवर अथवा अधिक किलोमीटरांवर पसरतो. नव्या गाडींत जीवरक्षणाचीं साधनेंहि अधिक असतात. चाकें न अडकतां ब्रेक लागण्याची सोय एप्रिल २०१९ पासून व चालकापुढील हवेची पिशवी जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनापुढील पिशवी सर्व गाड्यांस २०२१ अखेर. स्लाविया, व्हर्टस व व्हर्ना या तिन्ही गाड्यांस २०२३ सालीं ग्लोबल एनकॅपच्या धडक-चांचणींत पांच तारे मिळाले. लहान मुलें घेऊन महामार्गावर नित्य जाणाऱ्यानें या सालांच्या मागची गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, असें माझें मत आहे. येथें मी घसाऱ्याचा हिशेब बाजूस ठेवतों.

शेवटीं, ज्यांच्या घरीं एक गाडी आहे व ती काढून दुसरी घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठीं. विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली, एवढ्यानें सुटका होत नाहीं. नोंदणीपुस्तकावर ज्याचें नांव तोच मालक, व अपघाताच्या भरपाईची जबाबदारीहि त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें दिला आहे. त्या प्रकरणांत गाडी पुढें अनेक हात फिरली होती. कायद्याप्रमाणें विकणाऱ्यानें चौदा दिवसांचे आंत नमुना २९ मध्यें कळवावयाचें व घेणाऱ्यानें नमुना ३० चा अर्ज करावयाचा असतो. माझी त्यापूर्वींची लहान गाडी मीं एका नातलगास दिली, तेव्हां त्यास संकोच वाटूं नये म्हणून मीच त्याला कचेरींत घेऊन गेलों. नांव बदलल्याचा कागद घरच्या जमिनीच्या फेरफार उताऱ्यांसोबत त्याच पत्र्याच्या पेटींत ठेविला आहे.