मत्स्यपेटीतील चिमुकले जीव आणि पंपाचे तोंड

घरात हौसेने मासे पाळणाऱ्यांना एक कोडे नेहमी पडते. गप्पीची मादी रात्री व्याली, वीस-पंचवीस पिले झाली. सकाळी मोजावीत तर सहा! थोरल्या माशांनी काही गट्ट केली हे खरेच, कारण गप्पी स्वतःची पिलेही सोडत नाहीत. परंतु बाकीची कुठे गेली हे पाहायचे असेल, तर फिल्टरचे झाकण उघडावे.

लोक म्हणतात, पंप फार जोराचा आहे. मग ते लहान पंप आणतात आणि पाणी घाण होऊ लागते. वास्तविक दोष जोराचा नसून तोंडाचा असतो. थोडा हिशेब करू. समजा, पंप तासाला 400 लिटर पाणी ओढतो. म्हणजे सेकंदाला सुमारे 111 घन सेंटिमीटर. तोंडाच्या सगळ्या फटी मिळून 4 चौरस सेंटिमीटर भरल्या, तर फटीशी पाण्याचा वेग सेकंदाला 28 सेंटिमीटर होतो. आणि गप्पीचे नवे पिलू पुरते एक सेंटिमीटरही नसते! ते बिचारे या ओढीला कसे तोंड देणार?

आता त्याच तोंडावर 6 सेंटिमीटर व्यासाचा नि 10 सेंटिमीटर उंचीचा स्पंज बसवा. त्याची बाजू भरते सुमारे 188 चौरस सेंटिमीटर. पाणी तेवढेच, पंप तोच. पण स्पंजाजवळ वेग उरतो सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटर. घाटात खळाळणारी नदी सपाटीवर पसरली की संथ होते, तसेच हे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. नुसती बारीक जाळी तोंडावर ताणून बांधली तर काम अर्धेच होते. जाळीच्या तारा काही जागा अडवतात, उरलेल्या भोकांतून वेग उलट वाढतो, आणि पिलू आत न जाता जाळीलाच चिकटून मरते. भोक बारीक हवे, पण पसाराही मोठा हवा. अमेरिकेत वीजकेंद्रे नदीचे पाणी ओढतात, त्यांच्यासाठी 2014 साली नियम झाले. मासे वाचवण्याचा त्यांतला एक मान्य मार्ग हाच आहे, की जाळीतून पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या फुटाहून जास्त नसावा.

जाळी लावायचीच तर स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनची घ्यावी. घरात जुनी पितळी गाळणी असते, तिचा मोह टाळावा; पितळेत तांबे असते आणि तांबे कोळंबी नि गोगलगायी यांना विषासारखे. स्पंजही भांडी घासायचा, औषध लावलेला नको. तो तुंबला की पंपाला पाणी कमी पडते, म्हणून अधूनमधून पंप बंद करून काढावा व पेटीतल्याच पाण्याने बादलीत पिळावा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने त्यात वाढलेले उपकारक जंतू मरतात. शिवाय या स्पंजावर जे सूक्ष्म खाद्य साचते, त्यावर कोळंबीची पिले दिवसभर चरत असतात. कालचा सापळा आज कुरण होतो म्हणा ना!

मोठ्या पेट्यांत, विशेषतः खाऱ्या पाण्याच्या, पंप खालच्या टाकीत असतो आणि पाणी वरून सांडव्यावरून खाली उतरते. सांडव्याच्या काठाला फणीसारखे दात असतात, पण लहान कोळंबीला ती फट म्हणजे दरवाजाच. इथेही जाळी लावता येते. मात्र इथली चूक महाग पडते. जाळी शेवाळाने भरली की पाणी चढते आणि थेट दिवाणखान्यात येते. तेव्हा काठ शक्य तितका लांब ठेवावा, जाळी दर आठवड्याला धुवावी, आणि नेहमीच्या पातळीच्या थोडी वर दुसरी एक उघडी नळी आपत्कालासाठी मोकळी ठेवावी. तिला मात्र जाळी लावू नये.

एखादा जीव दिसेनासा झाला, तर लगेच मेला असे धरू नये. आधी खालची टाकी धुंडाळावी. सांडव्यातून उतरलेली कोळंबी किंवा गोगलगाय पुष्कळदा तिथे धडधाकट सापडते, कारण तिथे तिला खाणारे कोणी नसते. फक्त त्या टाकीतल्या पंपाच्या तोंडालाही स्पंज हवा.