पाणी फिरते, काम वारा करतो

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात मृगाच्या तोंडावर सोयाबीनची पेरणी एकाच प्रश्नावर अडते: पाऊस कधी? या प्रश्नामागची मोठी आकडेमोड पुण्यात होते, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत. ८ जानेवारी २०१८ रोजी तिथे ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला. त्याचा वेग होता ४ पेटाफ्लॉप, म्हणजे चारावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी एका सेकंदात. एवढी आकडेमोड करणारे यंत्र तापणारच. क्रे कंपनीच्या एक्ससी-४० जातीच्या अशा यंत्रांची कपाटे ओळीने उभी असतात आणि वारा त्यांच्यातून आडवा वाहतो. वेगळ्या कपाटांत बसवलेले मोठे ब्लोअर हवा ढकलतात. एका कपाटातली उष्णता उचलून ती बाहेर पडली, की पुढच्या कपाटात शिरण्याआधी तिला गार पाणी खेळणाऱ्या नळ्यांच्या जाळीतून जावे लागते. तिथे ती उष्णता पाण्याच्या हवाली करते आणि पुढच्या कपाटासाठी पुन्हा तयार होते.

घरच्या टेबलावरच्या वॉटर-कूल्ड संगणकात हीच देवघेव उलट्या दिशेने चालते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यांतून पाणी जाते, तापते, रेडिएटरमध्ये येते आणि तिथे आपली उष्णता हवेला देते. लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारे, थ्रीडी आराखडे काढणारे आणि गेम खेळणारे असे संगणक स्वतः जुळवतात. नळ्या, पंप, पाण्यातला रंग यांवर मन लावून खर्च होतो. पंखे मात्र पेटीबरोबर आले तेच बसतात, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सगळे तिथेच अडते.

का अडते ते आकड्यांतच दिसते. इंटेलचा आय-नाइन १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत वीज खातो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटेच ४५० वॅटचे. दोन्ही एकदम पूर्ण जोरात क्वचितच चालतात, म्हणून ५०० वॅट उष्णता धरू. ही सगळी उष्णता पाण्यात येते. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम दोन अंश तापते. म्हणजे नळीत कुठेही हात लावा, पाणी जवळपास सारख्याच तापमानाचे असते. पंपाचा वेग वाढवून फार काही हाती लागत नाही ते यामुळेच. हवेची गोष्ट वेगळी आहे. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेते, तेवढी घ्यायला आपल्याकडच्या मे महिन्यातली जवळजवळ चार हजार घनमीटर हवा लागते. तेव्हा ५०० वॅट वाहून न्यायचे आणि हवा दहाच अंश तापू द्यायची, तर ताशी सुमारे १६७ घनमीटर हवा रेडिएटरच्या फिन्समधून, म्हणजे त्याच्या पातळ पत्र्यांमधून, जायला हवी.

हा १६७ चा आकडा मुद्दाम हिंगोलीसाठी काढला आहे. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आणि मेमधली हवा ४० अंशांची, म्हणून ती विरळ. पंख्याच्या खोक्यावरचे आकडे साधारण २० अंशांच्या, समुद्रसपाटीच्या हवेचे असतात. पंखा इथेही तेवढ्याच घनमीटर हवेला हलवतो, पण त्या हवेचे वजन दहा-अकरा टक्क्यांनी कमी भरते आणि उष्णता उचलायचे काम वजनच करते. गोरेगावातल्या पंख्याने परदेशातल्या थंड खोलीतल्या पंख्याइतकेच काम करावे, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे.

खोक्यावरचा दुसरा आकडाही नीट वाचायला हवा. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ हा नावाजलेला १२० मिलिमीटरचा पंखा ताशी १०२ घनमीटर हवा देतो आणि २.३४ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण करतो. ही दोन टोके एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पुढे कसलाही अडथळा नसेल तेव्हाच १०२ घनमीटर, आणि पुढची वाट पूर्ण बंद असेल तेव्हाच २.३४ मिलिमीटर. रेडिएटर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. असे तीन पंखे लावले म्हणून ३०६ घनमीटर हवा मिळणार नाही. फिन्सच्या दाटीतून अर्धी निघाली तरी बरे. म्हणजे १६७ चे लक्ष्य हाताला लागते न लागते अशा अंतरावर असते. इथे पाच-दहा टक्के हवा जरी फुकट गेली, तरी तिचा हिशोब थेट पाण्याच्या तापमानात निघतो.

आणि ती फुकट जातेच. पंख्याची चौकट आणि रेडिएटरचा पत्रा यांच्यात कागद सरकेल एवढी फट राहते. स्क्रू घट्ट केले तरी कोपऱ्यांत ती उरते. हवा नेहमी सोपी वाट धरते. दाट फिन्समधून घुसण्यापेक्षा या फटीतून ती बाजूला निसटते. हे डोळ्यांनी पाहता येते. संगणक चालू ठेवा, खोलीतला पंखा आणि कूलर बंद करा, एक उदबत्ती पेटवा आणि तिची धुराची रेघ पंखा-रेडिएटरच्या सांध्याजवळून हळूहळू फिरवा. पंखा हवा आत ढकलणारा असेल तर फटीपाशी धूर झटक्याने बाहेर फेकला जातो. ओढणारा असेल तर तिथेच आत शोषला जातो. जिथे रेघ मोडते, तिथे तुमचा वारा गळतो. दाराच्या फटींना लावतात ती चिकट फोमची पट्टी चौकटीच्या चारी कडांना लावून पंखा पुन्हा कसला की बहुतेक गळती थांबते. रेडिएटर आणि कॅबिनेट यांच्यातल्या फटीलाही हाच उपाय. ती उघडी राहिली तर रेडिएटरमधून तापून निघालेली हवा वळसा घालून पुन्हा पंख्याच्या तोंडाशी येते. माझ्या मते नवे पंखे घेण्याआधी करायचे पहिले काम हेच, आणि सर्वांत स्वस्तही.

दुसरी जागा पंख्याच्या अगदी समोर आहे, म्हणून सहसा लक्षात येत नाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याची चौकट चौकोनी असते, पाती गोल फिरतात आणि मध्ये मोटरचा गट्टू असतो, साधारण चार सेंटीमीटर रुंद. हिशोब केला तर चौकोनी क्षेत्रफळाचा जवळपास तिसरा हिस्सा, म्हणजे चार कोपरे आणि मधला गोल, पात्यांच्या थेट झोताबाहेर राहतो. पंखा रेडिएटरला चिकटून बसला असेल तर तेवढ्या फिन्सना वारा कमीच मिळतो. रेडिएटरच्या दुसऱ्या बाजूला दोऱ्याचे टोक धरून ते सरकवत नेले, तर कडेला ते जोरात फडफडते आणि गट्टूच्या मागे लोंबत राहते. पंखा आणि फिन्स यांच्यात दोन-अडीच सेंटीमीटरची बंद पोकळी दिली तर हवेला पसरायला जागा मिळते आणि हे मृत भाग जागे होतात. अशी पोकळ चौकट, म्हणजे शराउड, विकत मिळते. हौशी मंडळी जळक्या पंख्याची पाती आणि मोटर कापून टाकतात आणि त्याची रिकामी चौकट मध्ये बसवतात. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर हा खटाटोप जरूर करावा.

शराउड गोरेगावला शिकवायला नको. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमागे पंख्याभोवती जो घेर असतो तो तोच. तो फुटला आणि तसाच चालवला तर इंजिन तापते, हे कुठलाही फिटर सांगेल, कारण पंखा मग रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा जाळीवर बसला की काय होते, तेही इथे सर्वांना ठाऊक आहे. रेडिएटर आणि पंख्याची ही जोडी १९०१ च्या मर्सिडीज मोटारीपासून आजच्या रूपात चालत आली आहे. विल्हेल्म मायबाख यांनी तिच्यात सहा मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला आणि मागे छोटा पंखा दिला. पृष्ठभाग वाढवा आणि त्यातून वारा ओढा, हे सूत्र सव्वाशे वर्षांत बदललेले नाही.

फिन्सची दाटी किती असावी, हा खरेदीच्या वेळचा प्रश्न. इंचाला दहा-बारा फिन्स असलेला रेडिएटर कमी दाबाच्या, शांत पंख्यांवरही श्वास घेतो. इंचाला वीस-तीस फिन्स असतील तर पृष्ठभाग वाढतो, पण त्यातून हवा रेटायला दाबाचे, वेगवान पंखे लागतात. मराठवाड्यासाठी मी विरळ फिन्सच निवडीन, कारण दाट फिन्समध्ये काळ्या मातीची बारीक धूळ अडकली की ती निघता निघत नाही. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावण्याबद्दलही गैरसमज आहे. एकामागे एक लावलेले दोन पंखे दाब वाढवतात, हवा दुप्पट करत नाहीत. दाट फिन्सवर आणि कमी वेगावर त्यांचा उपयोग होतो. विरळ फिन्सवर तेच पैसे दुसऱ्या रेडिएटरला लावावेत.

वेग वाढवणे हा उपाय सर्वांना आधी सुचतो, पण त्याची किंमत चढी आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट, दाब चौपट आणि लागणारी वीज आठपट होते. आवाजही साधारण १५ डेसिबलने वाढतो. थरथर वेगळीच. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये वातानुकूलनाच्या पंख्यांची सूक्ष्म थरथर गुरुत्वलहरींच्या मोजणीत मिसळते, हा तिथल्या शास्त्रज्ञांचा नेहमीचा झगडा आहे. आपल्या टेबलावर एवढी नाजूक मोजणी चालत नाही, पण रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचे कान कमी नाजूक नसतात.

म्हणून पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला न बांधता पाण्याच्या तापमानाला बांधावा. प्रोसेसरचा काटा एका क्षणात वीस-तीस अंश उडी मारतो आणि पंखे उगाच किंचाळतात. पाण्याचे तसे नाही. बाहेर काहीच उष्णता गेली नाही तरी ५०० वॅटवर एक लिटर पाण्याला एक अंश तापायला आठेक सेकंद लागतात. पाण्यात बुडवायचा छोटा सेन्सर मिळतो आणि बऱ्याच मदरबोर्डांवर त्याची जागा असते.

आता खोलीकडे वळू. रेडिएटर कितीही मोठा असो, पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली २८ अंशांची आणि फरक १२ चा असेल तर पाणी ४० वर थांबते. तीच खोली हिंगोलीच्या मेमध्ये ४२ झाली तर पाणी ५४ वर जाते, आणि अनेक पंप व प्लास्टिकच्या नळ्या बनवणारे ६० च्या आत राहा असे बजावतात. म्हणून सुधारणा झाली की नाही हे पाहताना पाण्याचे नुसते तापमान घेऊ नये, त्यातून खोलीचे तापमान वजा करावे. सकाळी सातला आणि दुपारी तीनला घेतलेले नुसते आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. गळती बुजवून आणि शराउड लावून पंधराचा फरक तेरावर आला, तरी मेहनत कारणी लागली असे मी म्हणेन.

रेडिएटरच्या तोंडाशी खोलीतली ताजी हवा यावी, कॅबिनेटच्या आत तापलेली नको. समोरच्या रेडिएटरमधून हवा आत घ्यावी आणि वरची-मागची बाजू मोकळी सोडावी. दर्शनी बाजूला सलग काच असलेल्या कॅबिनेट दुकानात सुंदर दिसतात, पण त्यांत वाऱ्याला शिरायला बोटभर फटच उरते. आपल्या हवामानात अशी कॅबिनेट घेऊच नये.

कूलर मात्र इथला खरा मित्र आहे. ४० अंशांच्या कोरड्या दुपारी, हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना, चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. एवढी घट कुठल्याही पंख्याने साधणार नाही. रेडिएटरचे पाणी खोलीपेक्षा गरमच असल्याने नळ्यांवर दव धरायची भीती नाही. संगणक तेवढा कूलरच्या थेट झोतात ठेवू नये; उडणाऱ्या थेंबांतून बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. तेच बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये भरणे तर पूर्ण टाळावे, तिथे डिस्टिल्ड वॉटरच हवे. खिडकी उघडी असावी, नाहीतर खोलीत दमट हवा साचते आणि कूलर निकामी होतो. जुलैत हवाच दमट असते, तेव्हा तो बंद केला तरी चालते, कारण पाराही तोवर तिशीच्या आसपास उतरलेला असतो.

साफसफाई वर्षातून दोनदा: एकदा सोयाबीनची मळणी उरकल्यावर आणि एकदा उन्हाळा लागण्याआधी. हवा ज्या बाजूने शिरते त्याच्या उलट बाजूने ब्लोअर मारावा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने बाहेर पडते. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. झोताने तो मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होते आणि मोटर उलट वीज बोर्डाकडे ढकलते.