गणिताच्या पुस्तकाआडचा मान

गणिताच्या पुस्तकाआड रहस्यकथा वाचताना ज्यांनी धपाटे खाल्ले, त्यांना हे ऐकून जरा बरे वाटेल. अमेरिकेतील रहस्यकथाकारांची संघटना एडगर ॲलन पो यांच्या नावाने ‘एडगर’ पुरस्कार देते. १९६१ मध्ये त्यात बालवाचकांच्या रहस्यकथेलाही जागा मिळाली. पहिल्या मानकरी फिलिस व्हिटनी. १९८९ पासून कुमारांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला, आणि तेच योग्य. दहा वर्षांच्या मुलाला चोर सापडला की पुरते. पंधराव्या वर्षी तेवढ्याने भागत नाही. त्या वर्षी सोनिया लेव्हिटिन यांच्या कादंबरीला हा मान मिळाला. तिच्यात शाळकरी मुलांना एका खुनाचा पत्ता लागतो. पण बोललो तर आपणच अडकू, म्हणून सारी गप्प! खुनी कोण, याहून आधी तोंड कोण उघडणार, याचीच धाकधूक अधिक.