मल्लघराणी, महाराष्ट्रातील

एकाच कुटुंबात अथवा परस्परांशी नात्याने बांधलेल्या कुटुंबांत दोन वा अधिक पिढ्या मल्लविद्या वृत्ती म्हणून किंवा प्रतिष्ठेचे साधन म्हणून चालत आली असता त्या कुटुंबास सामान्यतः मल्लघराणे म्हणतात. संगीतात ‘घराणे’ ही संज्ञा प्रामुख्याने गुरुशिष्यपरंपरेची वाचक आहे. कुस्तीत त्या अर्थी ‘तालीम’ हा शब्द रूढ असून ‘घराणे’ हा शब्द रक्तसंबंधापुरता वापरला जातो. हा भेद ध्यानात न घेतल्यास महाराष्ट्रातील कुस्तीच्या वारशाचे स्वरूप नीट उमगत नाही. कारण येथे मुलगा बापाकडून कुस्तीची ओढ घेतो, पण डाव घेतो ते बहुधा परक्या वस्तादाकडून.

आधुनिक जगातील मल्लघराण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून पॅसिफिक महासागरातील समोआ बेटांतून अमेरिकेत गेलेल्या अनोआई कुटुंबाचा निर्देश केला जातो. आफा व सिका या दोघा अनोआई बंधूंनी १९८० च्या सुमारास जोडीने लढून तेथील व्यावसायिक कुस्तीत नाव मिळविले. त्यांचा पुतण्या रॉडनी ऊर्फ योकोझुना हा १९९३ मध्ये विजेता ठरला, पण तो जपानी सुमो मल्लाच्या सोंगात. सिकाचा मुलगा रोमन रेन्स याने २०२० ते २०२४ या काळात अजिंक्यपद सलग आपल्याकडे राखले. पीटर मायव्हिया हा मल्ल या कुटुंबाचा रक्ताचा नव्हे, तर मानलेल्या भावाच्या नात्याने जोडला गेलेला. आणि चित्रपट-अभिनेता म्हणून जगप्रसिद्ध झालेला ड्वेन जॉन्सन हा त्या मायव्हियाच्या मुलीचा मुलगा. अमेरिकेतील या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. त्यामुळे तेथे वारशाने मिळते ते मुख्यतः नाव, देहयष्टी आणि प्रेक्षकांच्या मनातील आठवण. ठरवून केलेल्या लढतीस महाराष्ट्रातील प्रेक्षक ‘नुरा कुस्ती’ म्हणतो व तिच्याकडे तुच्छतेने पाहतो. निकाली कुस्तीत बापाचे नाव मुलाला आखाड्यात उभे करू शकते, चितपट होण्यापासून वाचवू शकत नाही. समोअन घराणे आणि मराठी मल्लघराणी यांच्यातील मुख्य अंतर हेच होय.

भारतीय उपखंडात घराण्याचे नाव सर्वदूर गेले ते गामा (१८७८–१९६०) याच्यामुळे. गामाचे वडील अझीझ बक्ष हे मल्लच होते. तथापि गामाच्या बालपणीच त्यांचे निधन झाल्याने त्याची जडणघडण आजोळी झाली. त्याचा धाकटा भाऊ इमाम बक्ष, इमाम बक्षचे भोलू आदी पुत्र आणि नातू झारा अशी ही परंपरा तीन पिढ्या चालली. भोलूचा भाऊ अक्रम १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँटोनिओ इनोकीशी लढला व हरला. त्यानंतर १९७९ मध्ये लाहोरात झाराने इनोकीशी झुंज दिली. या घराण्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कोल्हापुरात बांधविलेल्या खासबाग मैदानाचे उद्‌घाटन १९१२ मध्ये झाले ते इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने, आणि तीत इमाम बक्ष विजयी झाला. शाहू महाराजांनी उत्तरेकडील मल्लांना आश्रय देऊन कोल्हापुरात आणले आणि स्थानिक मुलांना त्यांच्यासमोर जोर-बैठका काढावयास लावले. दरबारी आश्रयाने मल्लाला खुराकाची शाश्वती दिली. त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलालाही पूर्णवेळ मेहनत करणे शक्य झाले.

संस्थाने विलीन झाल्यावर हा आधार गेला. त्याची जागा काही अंशी १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने घेतली. परिषदेच्या अधिवेशनात १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला; विजेत्यास मिळणारी चांदीची गदा मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून देण्याचा प्रघात पडला. अखिल भारतीय पातळीवरील ‘हिंदकेसरी’ हा किताब १९५९ मध्ये प्रथम श्रीपती खंचनाळे (१९३४–२०२०) यांनी जिंकला. ते सीमाभागातील एकसंबा या गावचे. किताबांमुळे घराण्याच्या कीर्तीला वर्ष व ठिकाण यांची नोंद मिळाली. तत्पूर्वी ती केवळ ऐकीव असे.

बाप व मुलगा दोघेही महाराष्ट्र केसरी झाल्याचे ठळक उदाहरण कोल्हापूरच्या चौगुले कुटुंबाचे. दादू चौगुले हे १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ मध्ये त्यांनी ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळविला आणि १९७४ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत रौप्यपदक जिंकले. त्यांचे पुत्र विनोद चौगुले २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. मात्र दादू चौगुले यांना घडविले ते मोतीबाग तालमीचे वस्ताद, हिंदकेसरी गणपत आंदळकर (निधन २०१८) यांनी, आणि आंदळकर हे शिराळा तालुक्यातील पुनवतचे, म्हणजे नात्यागोत्याबाहेरचे. सांगलीत ‘वज्रदेही’ हरी नाना पवार व त्यांचे पुत्र ‘बिजली मल्ल’ संभाजी पवार ही जोडी प्रसिद्ध आहे. संभाजी पवार पुढे विधानसभेचे सदस्य झाले. आखाड्यातील लोकप्रियतेचे मतांत रूपांतर होण्याची ही वाट पश्चिम महाराष्ट्रात इतरांनीही चोखाळली असून घराण्याचा वारसा अशा वेळी मातीतून सभागृहाकडे वळतो. नातवंडांच्या पिढीत लांग कसणारा कोणी उरतोच असे नाही.

एकाच घरातील तीन मल्लांनी महाराष्ट्र केसरी होण्याचा मान सोलापूरजवळील बोरामणी येथील शेख घराण्याकडे जातो. इस्माईल शेख (१९८०), आप्पालाल शेख (१९९२) आणि मुन्नालाल शेख (२००२) असा बारा व दहा वर्षांच्या अंतराने हा किताब त्या घरात आला. मोठ्याचा विजय पाहून धाकट्याने लंगोट चढविला, असा हा क्रम आहे. आप्पालाल यांचे २०२३ मध्ये निधन झाले. बोरामणीचे उदाहरण आणखी एका दृष्टीने महत्त्वाचे आहे. मराठी गावांतील तालमींत मारुतीची मूर्ती असते आणि तिला नमस्कार करून हौद्यात उतरणाऱ्यांत मुसलमान पोरेही असतात; कुस्तीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला की हलगी तितक्याच जोराने वाजते. करमाळा तालुक्यातील खडकीचे बाला रफिक शेख हे मल्लाच्या घरात जन्मले, कोल्हापुरात आंदळकरांच्या हाताखाली शिकले आणि २०१८ मध्ये जालना येथे महाराष्ट्र केसरी झाले. अंतिम फेरीत त्यांनी ज्याला हरविले तो अभिजित कटके हाही पैलवानाचाच मुलगा होता.

कटके हे पुणे–नगर रस्त्यावरील वाघोलीचे. २०१७ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले होते. पुणे–सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोरचे राहुल काळभोर यांनी हा किताब २००१ मध्ये मिळविला. या दोन हमरस्त्यांच्या दरम्यान शिरूर व दौंड या तालुक्यांचा प्रदेश पसरलेला आहे. तेथील यवत, वरवंड, पाटस अशा गावांच्या पंचक्रोशीत मल्लघराणे ही संस्था किताबांच्या यादीत न शिरताही कशी जगते, ते पाहावयास मिळते. ग्रामदैवताच्या यात्रेस जोडून कुस्त्यांचा आखाडा भरतो. त्यास या भागात ‘हगामा’ही म्हणतात. प्रारंभ रेवड्यांवरील आणि नारळावरील पोरांच्या कुस्त्यांनी होतो व इनामाची रक्कम चढत जाऊन शेवटी मानाची कुस्ती लागते. जोड लावण्याचे काम गावातील जुने पैलवान करतात. मुलाचे वजन आणि उंची ते डोळ्यांनी जोखतात. पण त्याआधी ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतात. उत्तरात बापाचे किंवा आजाचे नाव आले आणि ते नाव कोणाला आठवले, की पोराला थोड्या भारी जोडीशी भिडवितात. घराण्याचा लाभ व जाच हे दोन्ही या एका प्रश्नात सामावलेले आहेत. हरलेल्या मुलाच्या पाठीवर थाप देताना आजोबांनी कोणाला कोणत्या डावावर पाडले होते, हे सांगणारा म्हातारा तेथे हमखास असतो. या स्मृतीखेरीज लहान घराण्यांची दुसरी दप्तरे नाहीत.

घराणी का टिकतात, याचे कारण पुष्कळदा रक्तात शोधले जाते. परंतु ते अधिक करून खर्चात आहे. पैलवानास दूध, तूप, बदाम, फळे, थंडाई, मांस व अंडी असा खुराक वर्षानुवर्षे लागतो, आणि मिळकत सुरू होईपर्यंत तो घरातून पुरवावा लागतो. ज्या घरात गोठा आहे, बागायत आहे आणि या खर्चाचे मोल जाणणारा बाप आहे, तेथेच तो निभावतो. कृष्णा, पंचगंगा, भीमा व नीरा यांच्या काठचा ऊस व दुभती जनावरे यांचा प्रदेश आणि महाराष्ट्रातील कुस्तीचा प्रदेश बऱ्याच अंशी एकच आहेत, हा योगायोग नव्हे. ज्या बापाने स्वतः लाल मातीत अंग घुसळलेले नाही, तो चौदा वर्षांच्या मुलाला शाळा सांभाळून पहाटे चारला उठवून तालमीत धाडण्यास सहसा धजत नाही. दुखापतीने मल्ल तिशीपूर्वीच निवृत्त होऊ शकतो आणि खुराक बंद झाला तरी भूक बंद होत नाही, हे पैलवानाच्या घरी माहीत असते. किताबधारक निवृत्त मल्लांना शासन मासिक मानधन देते. त्यात वाढ करण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ज्यांच्या हाती किताब आला नाही त्यांचा भार घरावरच असतो.

खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्या चरित्रात हा सर्व प्रश्न एकवटलेला दिसतो. कराडजवळील गोळेश्वर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असून पाच भावांत खाशाबा धाकटे होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. हेलसिंकीच्या (१९५२) प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर कुस्तीतील दुसरे पदक येण्यास २००८ साल उजाडावे लागले. पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या खाशाबांचा १९८४ मध्ये अपघाती मृत्यू झाला आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांच्या नावाने गोळेश्वरला कुस्तीचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे आश्वासन रेंगाळल्यामुळे त्यांच्या पुत्राने २०१७ मध्ये ते पदकच लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली होती. ज्या घराने पदक आणले त्याच्यावरच ते विकण्याचा विचार करण्याची पाळी यावी, यावरून सार्वजनिक वारसा जपण्याची जबाबदारी आपल्याकडे कोणावर पडते, ते दिसते.

गुरुपरंपरा व रक्तसंबंध एकमेकांत मिसळण्याचा एक मार्ग विवाहाचा आहे. दिल्लीचे मल्ल सतपाल यांनी आपला पट्टशिष्य सुशीलकुमार यास जावई करून घेतले. महाराष्ट्रात असेच उदाहरण राहुल आवारे यांचे आहे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे बाळासाहेब आवारे हे पैलवान. त्यांनी राहुल व गोकुळ या दोन्ही मुलांना मातीत उतरविले. राहुल पुण्यास गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे शिकले आणि २०११ मध्ये बिराजदार वारल्यावर अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांच्याकडे गेले. बिराजदार आणि पवार हे दोघेही लातूर जिल्ह्याचे. राहुल यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्ण व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले आणि पुढे ते काका पवारांचे जावई झाले. अशा ठिकाणी तालीम कोठे संपते व घराणे कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होते.

पिढ्यान्‌पिढ्या ही परंपरा बाप-मुलगा अशीच मोजली गेली. तालमीत स्त्रियांना प्रवेश नसे. हरियाणातील बलाली गावचे महावीर फोगट यांनी आपल्या मुलींना व पुतण्यांना कुस्ती शिकविली. त्यांपैकी गीता २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय महिला मल्ल ठरली. महाराष्ट्रात महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत प्रथम भरली व प्रतीक्षा बागडी विजयी झाली. दौंडहून भीमा ओलांडली की लागणाऱ्या श्रीगोंदे तालुक्यात हनुमंत फंड यांनी धनश्री आणि भाग्यश्री या मुलींना स्वतः शिकवून मॅटवर उतरविले, आणि दोघींनी कुस्तीत नाव मिळविले. त्या परिसरातील हगाम्यांत आता मुलींच्याही जोडी लागतात आणि जोड लावणारे म्हातारे त्यांनाही तोच प्रश्न विचारतात. [⟶ कुस्ती, तालीम, व्यायामशाळा].